बाकी फिटेपर्यंत

२०१६ च्या फेब्रुवारीत साखर कारखान्याचा पट्टा पडला. पट्टा पडला म्हणजे गाळप बंद, आता कोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, मोडायच्या आणि गावाकडं निघायचं. पण त्याआधी हिशेब असतो. ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम ट्रॉलीच्या फाळक्याला टेकून वही घेऊन बसला आणि एकेका नवरा-बायकोच्या जोडीला बोलवत गेला. आमची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, ७०,०००. दर आठवड्याला पोटापाण्याला मिळणारी खर्ची ६०० रुपये, १३ आठवड्यांची ७,८००. खाडे सहा, एका खाड्याला ५०० रुपये, ते ३,०००. सहातले चार खाडे लेकीला ताप होता म्हणून आणि दोन मला उठवत नव्हतं म्हणून. सगळे मिळून ८०,८०० झाले. आम्ही दोघांनी तोडलेला ऊस भरला दीडशे टन. टनाला सव्वादोनशेच्या आसपास दर, म्हणजे ३४,००० रुपये. बाकी निघाली ४६,८००.

थंडीत पहाटे चारला उठून तीन महिने ऊस तोडला, मोळ्या डोक्यावर वाहिल्या, रात्री-अपरात्री गाडी आली की उठून भरली. आणि घरी निघताना अंगावर ४६,८०० रुपये. मुकादम वाईट बोलला नाही. "पुढल्या साली बघू, वहिनी," एवढंच म्हणाला आणि पुढच्या जोडीला हाक मारली.

मी बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली. नववीपर्यंत शिकले. २००५ साली सोळाव्या वर्षी लग्न झालं. आमच्या भागात दिवाळीच्या तोंडावर घाईनं लग्नं लागतात, कारण एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि उचल कोयत्यावर मिळते. माझं लग्न तसंच लागलं. हळद उतरली नव्हती तोवर मी सांगली जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या एका फडात होते. पुढची तेरा वर्षं प्रत्येक हिवाळा फडातच गेला. २००७ ला मुलगी झाली, २०१० ला मुलगा. दोघंही कोपीतच रांगायला शिकली.

आता आम्ही उचल घेत नाही. या गोष्टीला सात वर्षं झाली. हे कसं झालं ते मला सगळं सांगायचंय, कारण आमच्यासारख्यांबद्दल बोलणारी माणसं फार चटकन निकाल देतात. दारू पितात म्हणतात, लग्नात उधळतात म्हणतात, पोरं शिकवत नाहीत म्हणतात. आमचे हे दारूला शिवत नाहीत. आणि आमच्याइतकं कष्ट करणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. कष्टांनी सुटायचं असतं तर आम्ही २००६ सालीच सुटलो असतो.

त्या फेब्रुवारीत गावी आल्यावर मी मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं काढली आणि लिहायला बसले. उचलीचे ७०,००० गेले कुठं? आदल्या सालची बाकी २६,०००. धाकट्या नणंदेच्या लग्नातल्या उसनवारीचे १५,०००. किराणा दुकानाची उधारी ९,०००. आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, डोळ्याचं ऑपरेशन आणि येण्याजाण्याचे ७,०००. खत-बियाणं ५,०००. उरले ८,०००, त्यात जाताना वर्षाचं तिखट-मीठ, पोरांचे कपडे आणि दोन चादरी. एक रुपयाही चैनीवर गेलेला नव्हता. मी दोनदा बेरीज केली. पैसे हातात यायच्या आधीच त्यांना पाय फुटलेले होते.

आमचं दीड एकर रान. मुरमाड, पाऊस झाला तर सोयाबीन नाहीतर बाजरी. ते पैसे दिवाळीला येतात, तेही आले तर. आषाढापासून दिवाळीपर्यंत घरात काही येत नाही, आणि खर्च सगळा त्याच महिन्यांत: पेरणी, शाळा, पंचमी, पोळा, पावसाळ्यातली आजारपणं. नेमकं तेव्हाच मुकादम दारात येतो आणि ७०,००० किंवा लाखभर रुपये हातावर ठेवतो. नोटरीच्या कागदावर अंगठा नाहीतर सही, बाकी कसली विचारपूस नाही. बँकेचं असं नसतं. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, त्यावर सोसायटीचं थकलेलं कर्ज. बँकेत आम्हाला कोण उभं करणार? गरजेच्या दिवशी जो उभा राहतो त्याच्याकडंच माणूस जातं. त्या दिवशी आपण पुढचा अख्खा हिवाळा विकलाय हे कळत नसतं असं नाही, चांगलं कळतं. पण घरात दाणा नसताना कार्तिक महिन्याचा विचार कोण करतं?

मुकादमाचंही सांगितलं पाहिजे. तोही कारखान्याच्या वाहतूक ठेकेदाराकडून उचलून आणतो, सह्या करतो, कोरे चेक देतो. दोन-तीन कोयते पैसे घेऊन पळाले तर त्याची जमीन विकायची वेळ येते. आमच्याच गावात तसं झालेलं मी पाहिलंय. म्हणून तो बाकीवर व्याज लावतो. आमच्या मुकादमाचं व्याज महिन्याला शेकडा ३ रुपये होतं. ४६,८०० चे ऑक्टोबरपर्यंत ५८,००० झाले. त्या साली कागदावर उचल लिहिली ८०,००० आणि आमच्या हातात पडले २२,०००.

पुढचा हंगाम त्याहून वाईट गेला. २०१५ आणि १६ च्या दुष्काळात ऊसच लागला नव्हता, सगळ्या राज्यातच ऊस कमी, कारखाने लवकर बंद. आमचा ऊस भरला एकशेतीस टन. बाकी निघाली ५७,७००. म्हणजे पाऊस पडला नाही तो आमच्या रानातही आणि तिकडं बागायतदाराच्या रानातही, आणि दोन्हीचा भुर्दंड आमच्याच वहीत चढला.

याच काळात जाऊबाईंची गर्भपिशवी काढली. अंगावरून जायचं, कंबर दुखायची, एका खासगी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ठेवली तर कॅन्सर होईल. ३५,००० रुपये लागले, ते मुकादमानंच दिले आणि पुढच्या उचलीत धरले. तेव्हा जाऊबाईंचं वय तीसही नव्हतं. नंतर त्यांना मोळी उचलवेना, चक्कर यायची, खाडे वाढले, खाड्यांनी बाकी वाढली. मलाही तोच सल्ला मिळाला होता. मी ऐकलं नाही ते काही कळत होतं म्हणून नाही, पैसे नव्हते म्हणून. २०१९ ला विधान परिषदेत सरकारनंच आकडा दिला, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत अशी ४,६०५ ऑपरेशनं झाली. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागायला लागली. मी तो आकडा वर्तमानपत्रात वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं एकट्या आमच्या वस्तीतल्या अकरा बायका आल्या.

गावात उमेदचे, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे, बायकांचे बचत गट सुरू झाले होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मी गटात नाव घालायला गेले तर बायका म्हणाल्या, "तुम्ही सहा महिने गावात नसता, मीटिंगला कोण बसणार? हप्ता कोण भरणार?" त्यांचं चुकलं नव्हतं. गटाला दर आठवड्याची बैठक लागते, बचत लागते, परतफेड लागते. पण त्यामुळं व्हायचं असं की ज्यांना गटाची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्याच बाहेर राहायच्या. जी गावात राहू शकते तिला स्वस्त कर्ज, आणि जिला गाव सोडावं लागतं तिला मुकादम.

मी दोन आठवडे रोज अध्यक्षबाईंच्या दारात जाऊन बसले. शेवटी तोड निघाली. हंगामात माझ्या जागी आत्याबाई बैठकीला बसतील आणि सहा महिन्यांची बचत मी जायच्या आधीच भरेन. आठवड्याला २५ रुपये, २६ आठवड्यांचे ६५०. ते ६५० मी आत्याबाईंच्या हातरुमालात गाठ मारून दिले. आत्याबाईंना वाचता येत नाही, पण त्यांनी दोन वर्षांत एकही बैठक चुकवली नाही. पावसात, तापात, एकदा तर भावाच्या तेराव्याहून संध्याकाळी परत येऊन बसल्या. या सगळ्यात माझं कौतुक करणारे फार भेटतात. आत्याबाईंचं नाव कुणी घेत नाही.

गटातून पहिलं कर्ज ६,०००, त्यातून एक गाभण शेळी. शेळीला आमच्याकडं गरिबाची गाय म्हणतात ते खरंच आहे. दोन वर्षांत तीन वेत, बहुतेकदा जुळं, आणि अडीनडीला चार हजारांचं करडू विकता येतं. त्याआधी अडीनडीला विकण्यासारखं घरात फक्त आमचं काम होतं. आत्याबाई शेळ्या वळायच्या. २०१७ पासून मुलांनाही आम्ही त्यांच्याजवळ ठेवलं, शाळेत हंगामी वसतिगृहाचं दोन वेळचं जेवण मिळायचं म्हणून जमलं. पहिल्या साली ट्रक हलला तेव्हा मुलगा मागं पळत आला आणि रस्त्यात पडला. गुडघा फुटला. मी फाळक्याला धरून उभी होते. तो हंगाम मी कसा काढला ते माझं मला माहीत. पण मुलगी त्या साली पहिल्यांदा पूर्ण वर्ष शाळा करून वार्षिक परीक्षेला बसली, नाहीतर तिची शाळा दर साली दिवाळीला तुटायची आणि गुढीपाडव्यानंतर जोडायची, मधलं काहीच तिच्या पाटीवर नसायचं.

२०१७-१८ ला ऊस रगड होता. कारखाने एप्रिलपर्यंत चालले. आम्ही दोनशे सत्तर टन तोडला. इतका ऊस आम्ही कधीच तोडला नव्हता. ह्यांच्या हाताला घट्टे फुटून रक्त यायचं, ते कापडाची चिंधी बांधून तोडायचे. आदली बाकी, तिचं व्याज आणि नवे १८,५०० असे मिळून कागदावर उचल होती ९०,०००. खर्ची १५,०००. कमाई ६१,५००. बाकी ४३,५००.

त्या दिवशी हे पहिल्यांदा खचले. ट्रकमध्ये कुणाशी बोलले नाहीत. रात्री मला म्हणाले, "आता आपल्यानं काय फिटत नाही. पोरगं मोठं झालं की त्याचा कोयता लागंल तवा बघू." पोरगं तेव्हा आठ वर्षांचं होतं. त्या एका वाक्यानं माझ्या पोटात जे झालं त्यातूनच पुढचं सगळं झालं. गावी येऊन मी पुन्हा वही उघडली आणि फक्त व्याज वेगळं काढलं. दोन वर्षांत २५,००० रुपये नुसतं व्याज. म्हणजे शंभरावर टन ऊस आम्ही व्याजासाठी तोडला होता.

गटाला त्या साली बँकेचं एक लाखाचं कर्ज मंजूर झालं. मी माझ्या वाट्याला २०,००० मागितले. कशाला, तर मुकादमाची बाकी भरायला. बैठकीत वादावादी झाली. कर्ज धंद्यासाठी असतं, देणं भागवायला नाही, असा नियम सांगितला गेला. गटांना मदत करणाऱ्या गावच्या प्रेरिकाताईही तेच म्हणाल्या. मी वही पुढं केली. म्हणलं, शेळी घेतली तर वर्षाला पाच-सात हजार सुटतील, पण ही बाकी ठेवली तर वर्षाला १५,००० जातील. मग धंदा कुठला मोठा? गटाचं व्याज महिन्याला शेकडा १ रुपया, मुकादमाचं ३. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हातारी सभासद म्हणाली, "द्या तिला. तिची सासू एक दिस चुकली न्हाई." माझ्या हिशेबानं जमलं नसतं ते आत्याबाईंच्या हजेरीनं जमलं.

२०,००० मे महिन्यात भरले. बकरी ईदेच्या आधी दोन बोकड विकले, १९,००० आले. ६,००० खुरपणीचे आणि रोजगार हमीचे साठवलेले. मुकादमानं दीड हजार सोडले. ऑगस्टमध्ये मधल्या महिन्यांच्या व्याजासकट बाकी शून्य झाली. मी नोटरीचा कागद मागून घेतला. मुकादम म्हणाला, कशाला फाडताय, दसऱ्याला नवा करायचाच हाय की.

त्यानं तसं म्हणणं साहजिक होतं, कारण खरी अवघड गोष्ट पुढंच होती. बाकी फेडणारे आमच्या गावात आधीही होते. ते दसऱ्याला परत उचल घेत. कारण बाकी शून्य झाली म्हणजे घरात पैसे आले असं नाही. उलट होतं नव्हतं ते सगळं बाकीत गेलेलं. बोकड गेले, बचत गेली, वर गटाचा हप्ता. ऑगस्ट ते नोव्हेंबर कसा काढायचा? सुटण्याचा खरा रस्ता या चार महिन्यांतून जातो आणि तिथंच बहुतेक माणसं माघारी फिरतात. मला कुणी विचारलं की सरकारनं काय करावं, तर मी म्हणते, या चार महिन्यांत गावात काम काढा आणि मजुरी वेळेवर द्या. महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, ७२ च्या दुष्काळातून शिकून. सगळ्या देशानं तो नंतर घेतला. पण आमच्याकडं काम निघतं उन्हाळ्यात, आणि मजुरी खात्यावर यायला कधीकधी दोन महिने लागतात. मुकादमाचे पैसे त्याच दिवशी मिळतात.

ते चार महिने आम्ही काय खाल्लं? रेशन होतं, गहू २ रुपये किलो आणि तांदूळ ३ रुपये, माणशी ५ किलो. हे नसतं तर आम्ही टिकलोच नसतो. मी लोकांच्या सोयाबीनच्या खुरपणीला, मग काढणीला गेले. हे एका विटभट्टीवर. किराणा दुकानात उधारी बंद केली, कारण उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त असतो हे वहीनं दाखवलं होतं. पंचमीला पुरणपोळी केली नाही. मुलीला फ्रॉक घेतला नाही. दसऱ्याच्या दोन दिवस आधी मुकादम आला. ओट्यावर बसला. एक लाख रुपयांचं बंडल त्यानं चहाच्या कपाशेजारी ठेवलं. हे माझ्याकडं बघायला लागले. घरात त्या दिवशी दीडशे रुपये होते. आम्ही नको म्हणलो.

नको म्हणताना मनात आनंद नव्हता, भीती होती. रात्रभर झोप नाही. उद्या पोर आजारी पडलं तर?

त्या साली आम्ही गेलो, पण उचल न घेता. मुकादमाला ते आवडलं नाही, कारण उचल नसलेली जोडी त्याच्या हातात राहत नाही. पण त्याला कोयते कमी पडत होते. टनाचा दर मला हंगामाच्या आधी तोंडपाठ होता, रोजची पावती मी जपून ठेवायचे आणि वहीत लिहायचे. शेवटी २४० टन भरले, खर्ची वजा जाऊन ४१,००० रुपये रोख मिळाले. तेरा वर्षांत पहिल्यांदा आम्ही ऊसतोडीहून पैसे घेऊन घरी आलो. आणि एक फरक फार मोठा. मला ताप आला तेव्हा मी दोन दिवस कोपीत झोपून राहिले आणि कुणी खाडा लावला नाही.

२०१९ ला रेशमाच्या किड्यांसाठी तुती लावली. विहिरीत आमचा चार आणे हिस्सा आहे, आठवड्यात पावणेदोन दिवसांची पाळी. तेवढ्या पाण्यावर ऊस होत नाही, पण ठिबकवर एक एकर तुती होते. बीड जिल्ह्यात रेशीम तेव्हा बऱ्यापैकी पसरलं होतं. रोजगार हमीतून तुती लागवड आणि किडे वाढवायची शेड यांना मिळून तीन वर्षांत ८९५ दिवसांची मजुरी मिळायची, शिवाय साहित्याचा खर्च. आपल्याच रानात काम करायचं आणि मजुरीही मिळायची. दिवसाला तेव्हा २०६ रुपये. ऐकायला सोपं आहे. सासऱ्यांच्या नावावरचा सातबारा वारसानं फिरवायला पाच महिने लागले. जॉबकार्डावर माझं नाव चुकलेलं, आधारशी जुळेना. मस्टर, म्हणजे कामाचं हजेरीपत्रक, निघायला चकरा. साहित्याचे पैसे तर दीड वर्षानं आले. या चकरांसाठी माणूस गावात असावं लागतं. आम्ही फडात असतो तर ही योजना आमच्यासाठी नसल्यातच जमा होती. म्हणून त्या साली मी गावात राहिले आणि हे त्यांच्या धाकट्या भावाबरोबर गेले. दोन गड्यांचा मिळून एक कोयता.

पहिली बॅच १०० अंडीपुंजांची, म्हणजे अंड्यांच्या शंभर पुंजक्यांची, होती. बारके किडे वाढवून देणाऱ्या चॉकी केंद्रातून दुसरी कात टाकलेले किडे आणले, रॅकवर पाला पसरला. वीस दिवस घरात दुसरं काही सुचत नाही. पाल्याला ओल नको, शेडमध्ये उष्णता नको, उझी माशी आत येऊ द्यायची नाही, चुना मारायचा. चौथी कात टाकल्यावर किडे असा पाला खातात की शेडमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. मग चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, चढतात आणि कोष विणतात. ६२ किलो कोष निघाले. मी पोती बांधली. आणि २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं.

बाजार बंद. उघडला तेव्हा किलोला २०० रुपयेही मिळेनात. हे तिकडं कारखान्याच्या तळावर अडकलेले, एप्रिलच्या मध्यात सरकारनं परवानगी दिली तेव्हा हजारो ऊसतोड्यांबरोबर परत आले. घरात कोष पडलेले, पतंग बाहेर पडले तर कवडीमोल, म्हणून वाफ देऊन सुकवून ठेवलेले. त्या सालच्या गणपतीत मुकादम पुन्हा आला. तेव्हा मात्र मीच ह्यांना म्हणाले होते, घेऊन टाकू या का? ते म्हणाले, "शेळ्या किती हायत?" सहा होत्या. ते म्हणाले, "मंग थांब."

सहा शेळ्या, फुकट मिळालेलं रेशन, गटानं पुढं ढकललेले हप्ते आणि शेडच्या कामाची ३८ दिवसांची मजुरी. एवढ्यावर तो साल निघाला. यातलं एक जरी नसतं तरी आम्ही परत फडात असतो, आणि लोक म्हणाले असते, बघा, संधी दिली तरी टिकली नाहीत. मी स्वतः किती जणींना मनात असं म्हणले होते, त्याची मला नंतर लाज वाटली.

पुढच्या साली भाव वर गेले. जालन्याच्या कोष बाजारात आम्हाला एकदा किलोला ६१० मिळाले. वर्षाला चार बॅचा, कधी पाच. एखादी रोगानं जाते, उन्हाळ्यात पाण्यामुळं बंद ठेवावी लागते. सगळा खर्च वजा जाता वर्षाला लाख-सव्वा लाख राहतात. श्रीमंती नाही ही. पण पैसा दर दोन-अडीच महिन्यांनी येतो, आणि आषाढातही येतो. आमच्यासाठी रकमेपेक्षा तेच मोठं आहे.

मुलगी २०२३ ला दहावी झाली, आता नर्सिंगला आहे. तिच्या वयात माझ्या कडेवर ती होती. मुलानं अजून कोयता हातात धरलेला नाही.

ज्यांना दीड एकरही नाही, विहिरीत हिस्सा नाही, त्यांना माझा रस्ता सांगून उपयोग नाही हे मला माहीत आहे. आमच्या वस्तीतल्या निम्म्याहून जास्त घरांचं तसंच आहे. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, टनाला २७३ चे ३६६ झाले. मी तेव्हा जाऊबाईंना म्हणाले, चांगलं झालं की. त्या म्हणाल्या, "उचल पण वाढली ना गं." दर वाढला तो चांगलाच. पण टनाचे पैसे हंगाम संपताना मिळतात आणि भूक त्याच्या आधी लागते.

आमच्या गटात आता एक वेगळी पेटी आहे. आषाढात ज्या घरात काही नसेल त्या घराला ५,००० रुपये, बिनव्याजी, दिवाळीनंतर परत. उचल न घेण्याची अट आधी घातली होती, नंतर काढून टाकली. भुकेल्या माणसाला अट घालून काय मिळवायचं, असं आत्याबाई म्हणाल्या. गेल्या साली नऊ जणींनी पैसे घेतले. चौघींनी उचल घेतली नाही. पाच जणींनी घेतली, पण त्यातल्या तिघींनी नेहमीपेक्षा कमी. सगळ्यांचे पैसे परत आले, एकीचे माघ महिन्यात आले, मनीऑर्डर केल्यासारखे मुलाच्या हाती फडातून पाठवले.

जाऊबाई यंदाही गेल्या. रात्री दहाला ट्रक आला. भांडी, पत्रे, सरपण, वर माणसं. मी भाकरी बांधून दिल्या आणि तिळाची चटणी. त्यांचा धाकटा मुलगा या वेळी माझ्याजवळ राहिला आहे, सातवीत आहे. ट्रक वळणावर जाईपर्यंत तो रस्त्यातच उभा होता. मग आत आला, हात धुतले, आणि विचारलं, "काकू, किड्यांना रातचा पाला टाकायचाय का?"